वाचकांचे प्रश्न : अलंकाराचे नाव आणि निबंधाचा दावा

दिवाळीची सुटी संपली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख दरवर्षी बदलतो. बारावी आणि दहावीची मुले इंग्रजीच्या उजळणीला बसलेली असतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पालकही. यंदा आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच धाग्याची आहेत : इंग्रजी साहित्यातील पारिभाषिक संज्ञा लक्षात कशा ठेवाव्यात आणि त्यांचा निबंधात उपयोग कसा करावा. सदराच्या रिवाजाप्रमाणे नावे गाळली आहेत आणि पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : बाई, सादर नमस्कार. मी बारावी विज्ञान शाखेत शिकते. आम्हांला वीस-बावीस ‘फिगर्स ऑफ स्पीच’ म्हणजे अलंकार व्याख्यांसह पाठ करायला दिले आहेत आणि ते मला तोंडपाठ आहेत. परंतु कविता समोर आली की सिमिली (उपमा) आणि अलिटरेशन (अनुप्रास) यांपलीकडे मला काही दिसत नाही. सरोजिनी नायडूंच्या ‘इंडियन वीव्हर्स’ या कवितेचे रसग्रहण लिहिले, तर सरांनी ‘वरवरचे’ असा शेरा मारून चारांपैकी दीड गुण दिला. मी लिहिले होते की कवयित्रीने सिमिली, अलिटरेशन आणि रिपिटिशन हे अलंकार वापरले असून त्यामुळे कवितेचे सौंदर्य वाढले आहे. यात चूक काय आहे? आमच्या घरी दोन माग आहेत, वडील पैठणी विणतात, म्हणून ही कविता मला फार जवळची वाटते. — एक विद्यार्थिनी, येवला

उत्तर : तुझ्या वाक्यात चूक काहीच नाही, आणि तीच त्याची अडचण आहे. ते वाक्य जसेच्या तसे उचलून दुसऱ्या कोणत्याही कवितेच्या रसग्रहणात ठेवले, तरी ते तितकेच बरोबर ठरेल. जे वाक्य प्रत्येक कवितेला लागू पडते, ते या कवितेबद्दल काही सांगत नाही, आणि सरांच्या शेऱ्याचा अर्थ एवढाच आहे. अलंकाराचे नाव म्हणजे आपल्याला आधी दिसलेल्या गोष्टीवर लावलेली चिठ्ठी असते. आधी दिसले पाहिजे, मग चिठ्ठी. तू उलट्या क्रमाने गेलीस, हातात चिठ्ठ्या घेऊन त्या कुठे चिकटवता येतील ते शोधत राहिलीस, आणि म्हणून हाताला जे सर्वांत सोपे लागले तेच तुला दिसले.

आता व्याख्यांची वही मिटून ठेव आणि कविता पुन्हा वाच. ही कविता 1905 साली ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ या संग्रहात आली. तीन कडवी, प्रत्येकी चार ओळी, म्हणजे सगळ्या मिळून बाराच ओळी आहेत. पहिल्या कडव्यात पहाट आहे आणि विणकर नवजात बाळाचे वस्त्र विणत आहेत. दुसऱ्यात तिन्हीसांज आहे आणि राणीचा विवाहातील शेला विणला जात आहे. तिसऱ्यात चांदणे असलेली थंड रात्र आहे आणि माणसाचे कफन विणले जात आहे. दिवसाचे तीन प्रहर आणि आयुष्याचे तीन टप्पे एकमेकांवर बसवले आहेत, हे तुझ्या वर्गातील बहुतेकांच्या लक्षात येईल. याच्या पुढे जायचे आहे.

प्रत्येक कडव्यात एक उपमा आहे. पहिले वस्त्र रानातल्या खंड्या पक्ष्याच्या पंखासारखे निळे आहे. दुसरे मोराच्या पिसाऱ्यासारखे जांभळे आणि हिरवे आहे. तिसरे पिसासारखे आणि ढगासारखे पांढरे आहे. रंग गडदपणाकडून पांढरेपणाकडे गेले, हे झाले एक निरीक्षण. पण उपमानांकडे, म्हणजे ज्या वस्तूंची उपमा दिली त्यांच्याकडे, आणखी थोडा वेळ पाहा. पहिल्यात पंख आहे, म्हणजे पक्षी जिवंत आहे आणि उडू शकतो. दुसऱ्यात पिसारा आहे, तोही मोराच्या अंगावरचाच आहे, ऐन बहरातला. तिसऱ्यात मात्र नुसते एक पीस आहे आणि ते कोणत्या पक्ष्याचे, हे सांगितलेलेच नाही. पीस पक्ष्यापासून सुटलेले आहे. कफनाच्या ओळीत कवयित्रीने मृत्यूविषयी वेगळे काही बोलण्याआधीच तिच्या उपमेने ते सांगून टाकले आहे. ‘सिमिली वापरली आहे’ आणि ‘तीन सिमिलींमध्ये पंखाचा पिसारा आणि पिसाऱ्याचे सुटे पीस होत गेले’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेच दीड गुण आणि साडेतीन गुण यांतील अंतर आहे.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला स्वतःला ही कविता बऱ्याच वर्षांत अनेकदा शिकवल्यानंतर दिसली. पहिल्या दोन कडव्यांत विणकरांना विचारलेला प्रश्न ‘व्हाय’ने सुरू होतो : इतके सुंदर वस्त्र का विणता? तिसऱ्या कडव्यात तोच प्रश्न ‘व्हॉट’ने सुरू होतो : काय विणता? विचारणाऱ्याला आता कारण विचारण्याचे धैर्य उरलेले नाही. रात्रीच्या वेळी गंभीरपणे, न बोलता चाललेले ते काम पाहून तो फक्त वस्तू कोणती एवढेच विचारतो. हा अलंकार नाही, त्याला तुमच्या यादीत नाव नाही. पण एक शब्द बदलला की अर्थ कसा हलतो, हे दाखवणारे असे निरीक्षण रसग्रहणात उतरले, तर परीक्षक थांबून वाचतात, हे उत्तरपत्रिका तपासण्याच्या अनुभवावरून मी तुला खात्रीने सांगते.

आणि तुझ्याकडे वर्गातील इतर मुलांकडे नसलेली एक गोष्ट आहे. तुझ्या घरात माग चालतो. धोटा एका बाजूने जातो आणि दुसऱ्या बाजूने परत येतो, हे तू जन्मापासून ऐकत आली आहेस. आता बघ, प्रत्येक कडव्यात दोन ओळींचा प्रश्न आहे आणि दोन ओळींचे उत्तर आहे, आणि यमकही जोडीजोडीने, म्हणजे अ-अ-ब-ब असे, येते. प्रश्न जातो, उत्तर येते. ‘वीव्हर्स, वीव्हिंग’ या शब्दांतील ‘व’चा आवर्तनाने येणारा ध्वनी त्या लयीत मिसळून जातो. अलिटरेशन आहे असे लिहून थांबू नकोस. त्या ध्वनीने मागाची लय ओळीत आणली, असे लिही, कारण हे तू तुझ्या कानाने पडताळून पाहिले आहेस. पैठणीच्या पदरावरचा मोर तू पाहिला आहेस, म्हणून दुसऱ्या कडव्यातील मोराविषयीही तुझे एक वाक्य तुझे स्वतःचे होऊ शकेल.

उजळणीसाठी एकच सवय लावून घे. कवितेतील जो शब्द किंवा जी ओळ मनात राहते, तिच्याखाली पेन्सिलीने रेघ मार आणि स्वतःला विचार, की हा शब्द काढून त्या जागी साधा शब्द घातला तर काय हरवेल. जे हरवेल ते आधी मराठीत एका वाक्यात लिही. त्यानंतर यादी उघड आणि त्याला नाव आहे का ते बघ. नाव सापडले तर उत्तम. नाही सापडले तरी तुझे निरीक्षण वाया जात नाही.

प्रश्न : माझी मुलगी दहावीला सेमी-इंग्रजी माध्यमात आहे. मराठीच्या व्याकरणात ती उपमा, रूपक, अनुप्रास, अतिशयोक्ती असे अलंकार शिकते, आणि इंग्रजीत पुन्हा तीच यादी वेगळ्या नावांनी पाठ करते. दोन्ही एकच आहेत असे धरून चालले तर चालेल का? — एक पालक, परभणी

उत्तर : बहुतांशी चालेल, आणि मी तर म्हणेन की मराठीच्या वाटेनेच इंग्रजीकडे जावे. उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटफर, चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन, अतिशयोक्ती म्हणजे हायपरबोली, श्लेष म्हणजे पन. ‘दमडीचं तेल आणलं, सासूबाईंचं न्हाणं झालं’ हे गाणे ज्या मुलीने आजीकडून ऐकले आहे, तिला हायपरबोलीची व्याख्या पाठ करण्याची गरज नसते. परंतु काही ठिकाणी दोन्ही भाषांच्या वाटा फुटतात आणि गुण तिथेच जातात, म्हणून त्या जागा दाखवून ठेवते.

पहिली जागा अनुप्रासाची. मराठीत एखादे अक्षर ओळीत कुठेही पुन:पुन्हा आले तरी आपण अनुप्रास म्हणतो. अलिटरेशनमध्ये मुख्यतः शब्दाच्या आरंभीचा व्यंजनध्वनी पाहतात, आणि तोही कानाने, डोळ्याने नव्हे. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ हे दोन्ही शब्द इंग्रजीत सी या एकाच अक्षराने सुरू होतात, पण त्यांत अलिटरेशन नाही. ‘नाइफ’ केपासून आणि ‘नाइट’ एनपासून लिहिले जाऊ शकते, तरी त्यांत अलिटरेशन आहे. देवनागरीत आपण जसे बोलतो तसे लिहितो, त्यामुळे मराठी मुलांना हा फरक शिकवावा लागतो. संशय आला की ओळ देवनागरीत लिहून पाहावी. अलिटरेशन असेल तर ते लगेच डोळ्यांसमोर येते.

दुसरी जागा यमकाची. बोलण्यात आपण ‘ऱ्हाइम’ला यमक म्हणतो आणि त्यात वावगे काही नाही. मात्र व्याकरणाच्या पुस्तकातील यमक अलंकारात तीच अक्षरे वेगळ्या अर्थाने पुन्हा यावी लागतात. इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेत ऱ्हाइम स्कीम विचारली असता फक्त ओळींच्या शेवटचे ध्वनी जुळतात का, एवढेच पाहायचे असते.

तिसरी जागा उत्प्रेक्षेची. ‘जणू’, ‘जणू काय’ असे म्हणून आपण जी कल्पना करतो, तिच्यासाठी इंग्रजी शालेय यादीत वेगळा कप्पा नाही. ‘ॲज इफ’ आले की ते सिमिलीतच जाते. अपन्हुतीचेही तसेच : ‘हे ओठ नाहीत, या पाकळ्या आहेत’ असे आधी नाकारून मग सांगणारी रचना इंग्रजीत मेटफर म्हणूनच गणली जाते. या दोन्ही बाबतींत मराठी काव्यशास्त्राने अधिक बारकाईने पाहिले आहे, हे मुलीला अवश्य सांगा.

उलट बाजूने, मेटनमी आणि सिनेक्डकी या दोन संज्ञांनी मुले हमखास गोंधळतात, कारण शालेय मराठीत त्यांना अलंकार म्हणून नाव मिळत नाही. आपण ते काम लक्षणा या शब्दशक्तीकडे, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ सोडून त्याच्याशी निगडित अर्थ घेण्याकडे, सोपवतो. पण बोलण्यात दोन्ही रोज येतात. ‘घरात खाणारी सहा तोंडं आहेत’ असे आपण म्हणतो, तेव्हा तोंड हा माणसाचा अवयव पूर्ण माणसासाठी येतो. भाग सांगून संपूर्ण सुचवला, ही सिनेक्डकी. ‘मंत्रालयाने आदेश काढला’ असे म्हणतो, तेव्हा इमारतीने आदेश काढलेला नसतो. आत बसणारे मंत्री आणि अधिकारी यांच्याऐवजी त्यांच्याशी निगडित जागेचे नाव घेतले, ही मेटनमी. भाग आणि संपूर्ण असे नाते असेल तर सिनेक्डकी, नुसती निकटता असेल तर मेटनमी, एवढी खूण शालेय पातळीवर पुरेशी आहे.

माझी सर्वांत आवडती जागा मात्र यूफेमिझमची आहे, म्हणजे अशुभ किंवा कठोर गोष्ट सौम्य शब्दांत सांगण्याची. मराठी घरांइतका याचा नित्य वापर क्वचितच कुठे होत असेल. बांगडी फुटली असे न म्हणता ती वाढवली असे म्हणतात. दुकान बंद केले न म्हणता दुकान वाढवले म्हणतात. घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, असे मोठी माणसे बजावतात. मुलीला सांगा की आजीच्या बोलण्यातील असे पाच शब्दप्रयोग वहीत लिहून काढ. व्याख्या आपोआप पाठ होईल आणि आजीशी बोलणेही होईल.

एक छोटी सूचना : निर्जीव वस्तूला किंवा समोर नसलेल्या व्यक्तीला हाक मारून बोलणे, या अलंकाराचे नाव अपॉस्ट्रॉफी आहे, आणि स्वल्पविरामासारख्या दिसणाऱ्या, पण शब्दाच्या वरच्या अंगाला येणाऱ्या चिन्हाचेही नाव तेच आहे. प्रश्न अलंकाराचा आहे की विरामचिन्हाचा, हे वाचून मगच उत्तर लिहावे.

प्रश्न : मी प्रथम वर्ष कला शाखेत इंग्रजी साहित्य घेतले आहे. आयरनी या शब्दाला मराठी प्रतिशब्द काय? कोणी उपरोध सांगतात, कोणी विडंबना, कोणी दैवदुर्विलास. यांतला खरा कोणता? — एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : तिन्ही खरे आहेत, कारण आयरनी ही एकच गोष्ट नाही. जे म्हणायचे आहे त्याच्या उलट शब्दांत म्हणणे, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री क्रिकेट पाहत बसलेल्या मुलाला ‘अभ्यास जोरात चाललाय’ असे म्हणणे, ही व्हर्बल आयरनी, आणि तिच्यासाठी उपरोध हा शब्द योग्य आहे. घटनेचा शेवट अपेक्षेच्या नेमका उलट होणे, ही सिच्युएशनल आयरनी. तिला दैवदुर्विलास म्हणता येते, पण काहीसे अपुरे, आणि ते का, हे पाहण्यासारखे आहे.

आपण बारावीला रॉबर्ट साउदी यांची ‘द इंचकेप रॉक’ वाचली असेल. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली दडणारा तो खडक खरोखरच आहे. कवितेत ॲबरब्रोथॉकच्या मठाधिपतीने तिथे धोक्याची घंटा बसवलेली आहे आणि सर राल्फ हा समुद्री चाचा केवळ मत्सरापोटी ती घंटा कापून टाकतो. पुढे धुक्यात त्याचेच जहाज त्याच खडकावर आदळते आणि सावध करायला घंटा नसते. यात दैव आंधळे नाही. राल्फने स्वतःच्या हाताने जी वस्तू नष्ट केली, तिच्याच अभावाने तो बुडतो. दुर्विलास या शब्दात माणूस निरपराध असल्याची छटा आहे. इथे ती नाही. म्हणून लिहिताना आयरनी हाच शब्द ठेवावा आणि ती कुठे आहे हे एका वाक्यात उलगडून दाखवावे.

ड्रॅमॅटिक आयरनी म्हणजे पात्रांना जे ठाऊक नाही ते प्रेक्षकांना ठाऊक असणे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संशयकल्लोळ’ नाटकात फाल्गुनराव आणि कृत्तिका हे पतिपत्नी एकमेकांवर संशय घेत राहतात, आणि दोघेही निर्दोष आहेत हे प्रेक्षागृहातील प्रत्येकाला माहीत असते. त्यांच्या प्रत्येक वाक्याला जो हशा येतो, तो या माहितीच्या अंतरातून येतो. हीच रचना शोकांतिकेत वापरली की हसू येत नाही, छातीत धस्स होते.

आपण विचारले नसले तरी टोन आणि मूड यांच्याविषयीही दोन शब्द लिहिते, कारण हा घोटाळा याच वर्षी सुरू होतो. टोन हा बोलणाऱ्याचा असतो, मूड वाचणाऱ्याच्या मनात तयार होतो. निवेदक थंडपणे सांगत असेल आणि वाचकाला भीती वाटत असेल, तर टोन थंड आहे आणि मूड भयाचा आहे. आणि बोलणारा म्हणजे कवी असे गृहीत धरू नये. कवितेतील ‘मी’चा उल्लेख ‘स्पीकर’ असाच करावा.

प्रश्न : आम्ही गेली काही वर्षे न्यू जर्सीत राहतो. माझा मुलगा नववीत असून त्याला शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या नाटकावर निबंध लिहायचा आहे. मी मराठी माध्यमात ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आणि ‘मी फळा बोलतोय’ असे निबंध लिहून शिकले, आणि मला चांगले गुण मिळत. पण त्याच्या शिक्षिका प्रत्येक मसुद्यावर ‘तुझा थीसिस कुठे आहे’ असे लिहून परत करतात आणि मला त्याला मदत करता येत नाही. — एक आई, न्यू जर्सी

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण जे निबंध लिहिलेत ते कमी दर्जाचे नव्हते, ते वेगळ्या जातीचे होते. त्यांत कल्पना, वर्णन आणि भाषेचा ओघ यांची परीक्षा होती. आपल्या मुलाकडून मागितला जात आहे तो निबंध म्हणजे एका मताची बाजू मांडणे आहे. मराठीला हाही प्रकार अपरिचित नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, ती वाद घालण्यासाठीच. शाळेच्या वाटेवर तो धागा आपल्या हातून सुटला, याची मला शिक्षिका म्हणून खंत वाटते. शब्दांतही एक गंमत आहे : फ्रेंच लेखक माँतेन्य यांनी 1580 मध्ये आपल्या लेखनाला ‘एसे’ म्हटले, त्या शब्दाचा अर्थ प्रयत्न असा होतो, आणि आपल्या ‘निबंध’ शब्दात बांधणे आहे. चांगल्या निबंधाला दोन्ही लागतात.

थीसिस म्हणजे निबंधाचा दावा. ‘हे नाटक प्रेमाविषयी आहे’ हा दावा नव्हे, तो विषय झाला. ‘शेवटी दोघे मरतात’ हा दावा नव्हे, ती घटना झाली. ‘शेक्सपिअरने अनेक अलंकार वापरले आहेत’ हाही दावा नव्हे. दावा ओळखण्याची कसोटी अशी की तो ऐकून एखादा समंजस वाचक ‘मला हे पटत नाही, सिद्ध करून दाखव’ असे म्हणू शकला पाहिजे. उदाहरणार्थ : ‘हे नाटक नियतीची भाषा बोलत असले, तरी प्रेमिकांचा नाश नियती करत नाही, घाई करते.’ यावर कोणीही हरकत घेईल, कारण नाटकाच्या आरंभीच या दोघांवर ग्रहताऱ्यांची अवकृपा असल्याचे सांगितलेले आहे. हरकत घेता येते, म्हणूनच लिहिण्यासारखे काही आहे.

आता पुरावा नाटकातच शोधायचा. रविवारी सुरू झालेली गोष्ट गुरुवारी पहाटे संपते. ज्या जुन्या काव्यावरून शेक्सपिअरने हे कथानक घेतले, त्यात ते काही महिने चालते. म्हणजे हा वेग नाटककाराने जाणून आणला आहे. ज्युलिएट स्वतःच सज्जातील प्रवेशात म्हणते की हे सारे फार उतावळे, फार अचानक, विजेसारखे आहे. धर्मगुरू लॉरेन्स रोमिओला बजावतो की शहाणपणाने आणि सावकाश चाल, धावणारे ठेचकाळतात. आणि तोच त्याच दिवशी त्यांचे लग्न लावून देतो. ज्युलिएटचे वडील तिचे दुसरे लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणतात. प्रेमिक, गुरू, बाप, सगळेच घाईत आहेत, आणि हा धागा सापडला की परिच्छेद आपोआप वेगळे होतात.

प्रत्येक परिच्छेदात तीन कामे व्हावी लागतात : एक मुद्दा मांडणे, त्यासाठी नाटकातील शब्द दाखवणे, आणि त्या शब्दांतून आपला मुद्दा कसा निघतो हे समजावणे. मुले पहिली दोन कामे करतात आणि तिसरे विसरतात. अवतरण दिले की आपले काम झाले असे त्यांना वाटते. लॉरेन्सचे वाक्य उद्धृत करून ‘यावरून घाई दिसते’ एवढे लिहिणे पुरेसे नाही. असे काही हवे : ‘लॉरेन्स ज्या ठेचेची भीती सांगतो, ती ठेच त्याच्याच योजनेला लागते. उपदेश करणाऱ्यालाही आपला उपदेश एका दिवसाहून अधिक पाळता येत नाही. म्हणजे घाई हा केवळ तरुणांचा दोष नसून त्या शहराची हवाच तशी आहे, असे नाटक सुचवते.’ अवतरण एका ओळीचे असेल तर त्याचे स्पष्टीकरण निदान तीन ओळींचे असावे, असा साधा नियम मी विद्यार्थ्यांना देत असे.

विरुद्ध बाजू लपवू नये. मुलगा विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की ज्युलिएट मेलेली नसून औषधाने मृतवत झोपली आहे, हे कळवणारे रोमिओला पाठवलेले पत्र पोचत नाही ते प्लेगमुळे. पत्र नेणारा साधू घरात कोंडला जातो, ते दैव नाही तर काय? ही हरकत निबंधात स्वतःहून लिहावी आणि मग तिचे उत्तर द्यावे : प्लेग हा दैवाचा भाग खरा, पण लग्न एक दिवस अलीकडे आणल्यामुळे पत्र पोचण्यासाठी मिळणारा वेळही एका दिवसाने कमी झाला, आणि रोमिओ थडग्याशी आणखी काही क्षण थांबला असता तर ज्युलिएट जागी झालेली त्याला दिसली असती. दैवाने दार लोटले, घाईने कडी घातली. अशा एका परिच्छेदाने निबंधाला जे वजन येते, ते प्रस्तावनेतील दहा सुविचारांनी येत नाही.

भाषेच्या दोन गोष्टी. साहित्यकृतीत जे घडते ते इंग्रजी निबंधात वर्तमानकाळात लिहितात : रोमिओ विष घेतो, ज्युलिएट जागी होते. ‘घेतले’, ‘झाली’ असे भूतकाळात सांगण्याची आपली सवय घरातल्या बोलण्यातून मुलाकडेही आलेली असू शकते, म्हणून एक वाचन केवळ क्रियापदांसाठी करावे. आणि मराठीत आपण कारणे आधी आणि निष्कर्ष शेवटी सांगतो, तसे तिथे चालत नाही. दावा पहिल्या परिच्छेदाच्या शेवटीच यावा लागतो.

आपण मदत कशी करावी, तर वाक्ये सुचवू नका. जेवताना मुलाला मराठीत विचारा, की या दोघांच्या मरणाला जबाबदार कोण. तो जे तावातावाने सांगेल, त्यातच त्याचा थीसिस असेल. ते वाक्य त्याच्या समोर कागदावर लिहा आणि उठा.

प्रश्न : परीक्षेत निबंधाला वेळ पुरत नाही. आराखडा करत बसले तर लिहायचे कधी? आणि समारोपात ‘अशा प्रकारे’ लिहून तेच पुन्हा लिहावे लागते, ते टाळता येते का? शिवाय संज्ञांची स्पेलिंगे चुकतात. — एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : आराखड्याला पाच मिनिटे दे आणि त्यात तीनच गोष्टी लिही : दावा एका वाक्यात, तीन मुद्दे तीन-तीन शब्दांत, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे आधारासाठी एक ओळ किंवा प्रसंग. लिहिताना अडून राहण्यात जो वेळ जातो, तो यामुळे वाचतो. समारोपाला मुद्दे पुन्हा मोजू नकोस. आपला दावा खरा धरला तर कविता किंवा नाटक आता वेगळे कसे दिसते, हे दोन-तीन वाक्यांत सांग. वेळ संपत आला असेल तर एकच वाक्य लिही, पण नवे लिही.

संज्ञांची उजळणी वाचून करू नकोस, पुस्तक मिटून कर. कागदाच्या एका बाजूला संज्ञा आणि मागच्या बाजूला कोकणीतले किंवा मराठीतले तुझे स्वतःचे उदाहरण लिही. व्याख्या लिहूच नकोस. दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने पुन्हा, आणि जे आठवले नाही तेच कागद पुढच्या वेळेसाठी बाजूला ठेव.

स्पेलिंगांपैकी चारच नेहमी चुकतात. ‘सिमिली’ लिहिताना ‘स्माइल’ या शब्दात एसनंतर एक आय जास्त घालायचा. ‘ऱ्हाइम’ आणि ‘ऱ्हिदम’ या दोन्हींत आरनंतर एच येतो, आणि ‘ऱ्हिदम’मध्ये ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही अक्षर नाही, तिथे वायवरच भागवायचे आहे. ‘ऑनोमॅटोपिया’च्या, म्हणजे आवाजाची नक्कल करणाऱ्या शब्दांसाठीच्या संज्ञेच्या, शेवटी पीनंतर ओ, ई, आय, ए अशी चार अक्षरे ओळीने येतात, ती मोठ्याने म्हणत दहा वेळा लिहिलीस की हात पुन्हा चुकणार नाही.